अकरावीच्या टेबलावर गणित खोडण्याआधी

मराठवाड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य आणि प्रवेशाच्या टेबलावर बसणारे माझे शिक्षक-सहकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागतो आणि आपल्या कॉलेजांच्या व्हरांड्यात टेबलं मांडली जातात. आता अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, याद्या पोर्टलवर लागतात. पण विषय ठरतात ते अजूनही त्या टेबलावरच. कागदपत्रं तपासता तपासता आपण विचारतो, "मेडिकल का इंजिनिअरिंग?" वडील उत्तर देतात, लेकरू खाली बघत उभं राहतं, आणि उत्तर मेडिकल असेल तर गणित खोडलं जातं. त्या अर्ध्या मिनिटाबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. माहेर वसमत तालुक्यातलं, घरी हळदीचं रान. 2001 च्या जूनमध्ये मी अण्णांसोबत अशाच एका टेबलासमोर उभी होते. मार्कमेमो पावसानं भिजू नये म्हणून अण्णांनी तो खताच्या पिशवीच्या आतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणला होता. गणितात 150 पैकी 141 होते. टेबलावरच्या सरांनी ते बघितले, "हुशार आहे पोरगी" म्हणाले, अण्णांना विचारलं, अण्णा म्हणाले, "डॉक्टर करावं म्हणतो." सरांनी गणितावर रेघ मारली आणि त्या जागी भूगोल लिहिला. दोन वर्षं ओझं कमी राहील, बायोला वेळ मिळेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. ते माझं भलंच बघत होते. मला मात्र कुणी विचारलं नाही, आणि विचारता येतं हे मलाही ठाऊक नव्हतं.

मेडिकलचा नंबर लागला नाही. बारावीनंतर बी.एस्सी. फिजिक्सला फॉर्म भरला तर तो खिडकीतून परत आला. बारावीला गणित नाही. मग एक वर्ष घरी बसून नुसत्या गणिताचा पेपर बाहेरून दिला. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तेच दिवस हळद काढून शिजवण्याचे. दिवसभर कढईपाशी आणि रात्री चुलतभावाच्या जुन्या पुस्तकातून इंटिग्रेशन. त्या वहीच्या पानांवर माझी पिवळी बोटं अजून उमटलेली आहेत. मी पोचले, कारण अण्णांनी ते एक वर्ष मला दिलं. माझ्या वर्गातल्या आणखी तिघींना ते मिळालं नाही. त्यातली एक माझ्यापेक्षा गणितात पुढे होती.

म्हणून माझं पहिलं आणि मुख्य मागणं एवढंच आहे : ज्या लेकराला दहावीला गणित चांगलं जमलंय, त्याला न विचारता त्याचं गणित काढू नका. बायो हवं तर बायो द्या, पण गणितही राहू द्या. चारही विषय घेऊन परीक्षा व्यवस्थित देणारी मुलं पूर्वीही होती, आजही आहेत. ओझं वाढतं, हे खरं. पण हे ओझं घ्यायचं की नाही, ते पंधरा वर्षांच्या त्या मुलानं किंवा मुलीनं समजून ठरवावं. गणित गेलं की काय काय जातं, हे तिथंच, वडिलांच्या देखत, दोन वाक्यांत सांगा. इंजिनिअरिंग जातं हे सगळ्यांना माहीत असतं. भौतिकशास्त्र जातं, आणि त्याच्यासोबत खगोलशास्त्रही जातं, हे कुणी सांगत नाही.

हे आज का लिहितेय? औंढ्यामुळे.

औंढा नागनाथजवळ, दुधाळ्याच्या माळावर, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, लायगो-इंडिया, उभी राहते आहे. 2016 च्या फेब्रुवारीत केंद्रानं तत्त्वतः मान्यता दिली, 2023 च्या एप्रिलमध्ये 2,600 कोटींचा खर्च मंजूर झाला. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक भुजा 4 किलोमीटर लांब. आत हवा काढून घेतलेली नळी, तिच्या टोकांना काचेच्याच बारीक धाग्यांवर टांगलेले 40-40 किलोचे आरसे आणि त्यांच्यामध्ये येरझारा घालणारा लेसर. अवकाशातून गुरुत्वीय लहर गेली की एक भुजा किंचित ताणली जाते, दुसरी किंचित आखडते. किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली लहर पकडली. 130 कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, त्यांची ती लहर. लिव्हिंगस्टनच्या यंत्राला ती आधी पोचली, हॅनफर्डच्या यंत्राला 7 मिलिसेकंदांनी नंतर. एवढ्याशा फरकावरून ती आकाशाच्या कुठल्या भागातून आली याचा अंदाज बांधतात. यंत्रं एकमेकांपासून जितकी लांब, तितका तो अंदाज नेमका. म्हणून जगाच्या या बाजूला एक यंत्र हवं होतं, आणि जमिनीची थरथर कमी असलेली जागा शोधता शोधता शास्त्रज्ञ आपल्या हिंगोली जिल्ह्यात आले.

दोन वर्षांपूर्वी त्या भागातल्या एका शाळेत मी दुर्बीण घेऊन गेले होते. रात्री मैदानावर मुलांना शनीची कडी दाखवली. एक दहावीतला मुलगा तीनदा रांगेत येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा मी त्याला विचारलं, "तुमच्याइथं जे उभं राहतंय, ते काय आहे माहितीये का?" तो म्हणाला, "हो मॅडम, तिथं गार्डची भरती निघणार हाय म्हणायलेत." त्याच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. गार्डची नोकरी ही घर चालवणारी नोकरी आहे. पण त्या यंत्रात लेसर कुणीतरी जुळवणार, निर्वात नळ्यांची गळती कुणीतरी शोधणार, लाखो सेकंदांच्या गोंगाटातून ती एक लहर कुणीतरी वेगळी काढणार. त्या कुणीतरीमध्ये तो असू शकतो, हे त्याला सोळा वर्षांत एकाही माणसानं सांगितलं नव्हतं. हिशेब मांडून बघा. आज अकरावीत येणाऱ्या लेकराला बारावीपर्यंत दोन वर्षं, बी.एस.-एम.एस.ची पाच, पीएच.डी.ची पाच-सहा. म्हणजे ते लेकरू तयार होईल तेव्हा हे यंत्र ऐन भरात असेल.

आता दुसरी गोष्ट, जी मला वर्गात दर वर्षी दिसते. आपण मुलांना भौतिकशास्त्र कसं भेटवतो? मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या पेपरात 180 प्रश्न आणि 180 मिनिटं. त्यातले 45 फिजिक्सचे. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. दोन वर्षं रोज हाच सराव केल्यावर जे लेकरू एकाच गणितापाशी तासभर अडून बसतं, "पण असं का?" म्हणून विचारतं, त्याची समजूत होते की आपलं फिजिक्स कच्चं आहे. माझ्याकडे 'नीट' दोनदा रिपीट करून, थकून बी.एस्सी.ला आलेली एक मुलगी होती. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "मॅडम, फिजिक्सनंच माझं मेडिकल घालवलं." दुसऱ्या वर्षाला तिला ग्रेटिंगचा, म्हणजे बारीक रेघांच्या काचेनं प्रकाशातले रंग वेगळे करण्याचा, प्रयोग आला. स्पेक्ट्रोमीटर नीट लेव्हल करायला तिला अख्खं एक प्रॅक्टिकल लागलं. बाकीच्यांनी मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवलं. ती मात्र दुसऱ्या दिवशी परत आली. सोडियमचा दिवा तापायला पाच-सात मिनिटं लागतात. आधी गुलाबी, मग हळूहळू पिवळा. तोवर ती खिडक्यांना काळे कागद चिकटवत होती. फटीची रुंदी कमी करत करत, दुसऱ्या ऑर्डरला दुर्बीण फिरवत ती एकदम थांबली. बराच वेळ डोळा काढेना. मग म्हणाली, "मॅडम, दोन आहेत." पिवळी रेघ एक नाही, दोन आहेत : तरंगलांबी 5890 आणि 5896 अँगस्ट्रॉम. मध्ये सहा अँगस्ट्रॉमची फट. पुस्तकात तिनं हे दहादा वाचलं होतं.

मी तिला सांगितलं की सूर्याच्या वर्णपटात याच दोन जागी काळ्या रेघा असतात, कारण सूर्याच्या बाहेरच्या थरातला सोडियम तेवढाच प्रकाश शोषून घेतो. आणि 1868 साली सूर्याच्या प्रकाशात यांच्या शेजारीच, 5876 च्या आसपास, आणखी एक पिवळी रेघ सापडली. ती सोडियमची नव्हती. पृथ्वीवरच्या कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याची नव्हती. तिच्यावरून हेलियम कळला, तोही पृथ्वीवर हाती लागण्याच्या 27 वर्षं आधी. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे मी आत्ता जे केलं, तेच का?" होय, तेच. यंत्र मोठं, दिवा दूरचा, काम तेच.

आपल्यातल्या किती कॉलेजांत अकरावी-बारावीची प्रॅक्टिकल खरोखर होतात? हे मी दोष देण्यासाठी विचारत नाही. जिथं मुलांची नावं आपल्याकडे आणि मुलं दिवसभर क्लासमध्ये, तिथं प्रयोगशाळेचं कुलूप फेब्रुवारीत, परीक्षेच्या आदल्या दिवशी निघतं, हे आपण सगळे जाणतो. पण मुलाला भौतिकशास्त्र आवडतं का, हे त्याला स्वतःला कळायची जागा तीच आहे. क्लासच्या चाचणी परीक्षेत ते कळत नाही.

वाट कशी आहे, तेही इथंच लिहिते, म्हणजे टेबलावर कुणी विचारलं तर आपल्याला सांगता येईल. पहिलं म्हणजे, "खगोलशास्त्राची डिग्री कुठं मिळते?" या प्रश्नानं मुलं आणि पालक गोंधळतात. बारावीनंतर लगेच खगोलशास्त्र शोधू नये. आधी भौतिकशास्त्र आणि गणित पक्कं करायचं, खगोलशास्त्र एम.एस्सी.ला किंवा पीएच.डी.ला येतं. त्यातही रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसणं आता जवळजवळ नाही. संगणकासमोर बसून आकडेवारी चाळणं, प्रोग्रॅम लिहिणं हे रोजचं काम आहे. ज्याला हे आवडेल त्यानं यावं.

पुण्यासह देशात सात आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था, आहेत. तिथल्या पाच वर्षांच्या बी.एस.-एम.एस.साठी आयएटी ही एकच परीक्षा. प्रश्न 60 : फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो यांचे प्रत्येकी 15. बघा, चारही विषय ठेवणाऱ्या मुलाचं ओझं इथं कसं कामी येतं! गणित सोडलेलं मूलही ही परीक्षा देऊ शकतं, पण पेपरचा चौथा हिस्सा त्याला परका असतो. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईच्या कलिना परिसरातलं सीईबीएस या अशाच विज्ञान संस्था, त्यांच्यासाठी नेस्ट ही परीक्षा. बेंगळुरूच्या आयआयएस्सीचा चार वर्षांचा बी.एस. आहे. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाशविज्ञान संस्थेत जेईई अॅडव्हान्स्डमधून जावं लागतं, तिथं गणिताशिवाय दारच नाही. या परीक्षांचे फॉर्म बारावीच्या बोर्डाच्या धांदलीतच निघतात आणि निसटतात. दर वर्षी जुलैत कुणीतरी मला विचारतं, "मॅडम, आयसरचा फॉर्म कधी निघतो?" तोवर परीक्षाही होऊन गेलेली असते.

आणि ज्यांचा तिथं नंबर लागणार नाही, त्यांचं काय? बहुतेकांचा लागणार नाही, हे मला माहीत आहे. मला खरं तर त्यांच्याबद्दलच जास्त बोलायचं आहे. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी बी.एस्सी. करणं म्हणजे हरणं नव्हे. फिजिक्स-गणित घेऊन, घरचं खाऊन, तीन वर्षं मन लावून अभ्यास केला आणि तिसऱ्या वर्षाला जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा दिली, तर आयआयटीची एम.एस्सी. मिळू शकते. जॅमला तुमचं कॉलेज कोणतं, हे कुणी विचारत नाही. एका पेपरात 60 प्रश्न आणि 100 गुण, बस. एम.एस्सी.नंतर पीएच.डी.साठी जेस्ट, टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेची परीक्षा, नेट. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधनाच्या काळात महिन्याला 37,000 रुपये मिळतात, म्हणजे पीएच.डी. हा घरच्यांवर खर्च राहत नाही. हे पालकांना सांगितलं की त्यांचा चेहरा बदलतो, मी पाहिलंय. "अजून पाच वर्षं शिकायचं" एवढंच त्यांनी ऐकलेलं असतं, शिकता शिकता पगारासारखे पैसे येतात हे कुणी सांगितलेलं नसतं.

नांदेड-देगलूरकडच्या मुलांना मी नेहमी हैदराबाद सुचवते. पुण्यापेक्षा ते जवळ आहे. तिथं केंद्रीय विद्यापीठ आहे, टीआयएफआरचं केंद्र आहे. आपले पणजोबा ज्या निजामाच्या राज्यात राहिले, त्या राज्याच्या निजामिया वेधशाळेनं साऱ्या आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा करण्याच्या जागतिक कामात आपला वाटा उचलला होता. आपल्या मुलुखाचं आकाशाशी नातं औंढ्यापासून सुरू झालेलं नाही.

खोटी आशा मात्र दाखवू नका. मी स्वतः आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. उन्हाळ्यात मानधन बंद, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. प्राध्यापकाच्या कायम जागा थोड्या निघतात आणि उशिरा निघतात. पीएच.डी. झालेल्या प्रत्येकाला संशोधन संस्थेत जागा मिळत नाही. हे मुलांना अकरावीतच कळू द्या, लपवू नका. त्याच वेळी हेही सांगा की भौतिकशास्त्र शिकलेला माणूस फक्त शिक्षक होतो असं नाही. कॅन्सर हॉस्पिटलमध्ये किरणोपचाराचं यंत्र असतं, तिथं कुठल्या रुग्णाला किती मात्रा कुठून द्यायची हे मोजणारा मेडिकल फिजिसिस्ट लागतो. फिजिक्सच्या एम.एस्सी.नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राची एक वर्षाची पदविका करून तिकडे जाता येतं. ज्या वडिलांना लेकीनं दवाखान्यातच काम करावं असं वाटतं, त्यांना ही वाट सांगून बघा. भाभा केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये, हवामान खात्यात, इस्रोत भौतिकशास्त्राची माणसं घेतात. डेटाच्या कामाला तर खासगी कंपन्याही घेतात.

मुलींबद्दल एक वेगळं सांगते. "एवढ्या लांब पाठवायचं कसं?" हा प्रश्न मुलींच्याच बाबतीत येतो. अशा वेळी आपला एक फोन फार मोठं काम करतो. वसतिगृह आवारातच आहे, आधी गेलेली अमुक गावची मुलगी तिथं आहे, तिच्या आईशी बोला, एवढं प्राचार्यांनी सांगितलं की घर ऐकतं. माझ्या त्या दोन रेघांच्या मुलीच्या घरी मी दोनदा गेले होते. आज ती घरापासून बरीच लांब, एका प्रयोगशाळेत प्रकाशाच्या तंतूंवर पीएच.डी. करते आहे.

आता मागणी काय, तेवढं लिहून थांबते. प्रवेशाच्या फॉर्मवर, गणित सोडणाऱ्याच्या नावापुढे, एक ओळ वाढवा : "गणित सोडल्यास भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र व अभियांत्रिकीच्या बहुतेक वाटा बंद होतात, हे मला समजावून सांगितलं आहे." खाली विद्यार्थ्याची सही, पालकांच्या सहीच्या आधी. बारावीच्या वर्गात मार्चआधी आयएटी आणि नेस्टच्या तारखा फळ्यावर लिहा आणि महिनाभर पुसू देऊ नका. महिन्यातून एक प्रॅक्टिकल खरं घ्या, एकच, पण रीडिंग ज्याचं त्यानं घेतलेलं. आणि 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, एक एस.टी. करून मुलांना नारायणगावजवळ खोडदला न्या. तिथं आणि आसपास 45 मीटर व्यासाच्या 30 रेडिओ दुर्बिणी शेतांच्या मधोमध उभ्या आहेत, द्राक्षाच्या बागांना लागून. त्या दिवशी तिथं प्रदर्शन भरतं, शास्त्रज्ञ स्वतः उभे राहून मुलांना समजावून सांगतात. शेतात इतकं मोठं विज्ञान उभं राहू शकतं, हे आपल्या लेकरांनी एकदा डोळ्यांनी बघायला हवं.

माझ्याकडून जे होईल तेही सांगते. जुलैपासून दर शनिवारी दुपारी आमची प्रयोगशाळा मी अकरावी-बारावीच्या मुलांसाठी उघडी ठेवणार आहे, मग ती कोणत्याही कॉलेजची असोत. एका वेळी दहा जण. चार स्पेक्ट्रोमीटर चालू आहेत, सोडियमचे दोन दिवे आहेत. येताना ओळखपत्र आणि एक वही आणावी. पाऊस नसेल आणि अमावस्येच्या आसपासचा शनिवार असेल, तर रात्री गच्चीवर दुर्बीणही लावू. मुलींना घरी पोचवायची सोय आम्ही करू.

आपली,
भौतिकशास्त्राची एक प्राध्यापिका
परभणी जिल्हा